रिकाम्या जागा भरून लिहिता येत नाही

अमेरिकेतल्या अनेक शाळांत एक वाटणी आता इतकी रूढ झाली आहे की ती कुणाला खटकतही नाही. इंग्रजी उत्तम येणाऱ्या मुलांना विचार करायला लावायचं. न येणाऱ्यांकडून रिकाम्या जागा भरून घ्यायच्या. 'गिफ्टेड' वर्गाच्या भिंतीवर माइंड मॅप, रंगीत टोप्या, 'असं झालं तर?' असे प्रश्न. शेजारच्या ईएसएलच्या खोलीत छापील कागद: 'माय फेव्हरिट सीझन इज अमुक, बिकॉज इट इज तमुक.' ही वाटणी चुकीची आहे, आणि ती टिकवण्यात आपला, म्हणजे मराठी पालकांचाही, हातभार आहे.

यामागचा युक्तिवाद वरवर शहाणपणाचा वाटतो: आधी भाषा येऊ द्या, कल्पना नंतर बघू. पण नागपूरहून आलेली नऊ वर्षांची मुलगी रिकामं डोकं घेऊन आलेली नसते. तिच्याकडे नऊ वर्षांचं ऐकलेलं, पाहिलेलं, भांडलेलं आहे. नाही ती फक्त इंग्रजी. १९७४ साली 'लाउ विरुद्ध निकोल्स' खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इंग्रजी न कळणाऱ्या मुलांना इतरांसारखीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही. त्यानंतर मदत मिळू लागली, हे खरंच. पण मदत म्हणून विचार करायची गरजच काढून घेतली, तर ती मदत कसली?

सर्जनशील विचाराची तंत्रं म्हणजे हुशार मुलांचा खाऊ नव्हे. सुचत नसताना सुचावं म्हणून केलेली ती साधी अवजारं आहेत. ॲलेक्स ऑसबॉर्न हे जाहिरात व्यवसायातले गृहस्थ. ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत त्यांनी प्रचारात आणली, तिचा मुख्य नियम असा की कल्पना बाहेर येत असताना चूक-बरोबर ठरवायचं नाही. त्यांच्याच प्रश्नांच्या यादीवरून बॉब एबर्ली यांनी १९७१ मध्ये मुलांसाठी 'स्कॅम्पर' बेतलं: एखादी गोष्ट बदला, दुसरीशी जोडा, वेगळ्या कामाला लावा, काढून टाका, उलटी करा. एडवर्ड डी बोनो यांच्या सहा टोप्या १९८५ च्या. पांढरी माहितीची, लाल भावनेची, काळी धोक्याची, पिवळी फायद्याची, हिरवी नव्या कल्पनांची आणि निळी सगळ्यांवर देखरेख करणारी. 'शाळेत गणवेश असावा का?' या प्रश्नावर एकेक टोपी घालून एकेक वाक्य लिहिलं, तरी मताच्या परिच्छेदाचा सांगाडा उभा राहतो. यातल्या कशासाठी फर्डं इंग्रजी लागतं?

ऋतूचंच उदाहरण घ्या. छापील कागदावर ती मुलगी लिहील, 'समर, बिकॉज इट इज हॉट.' व्याकरण बिनचूक, मजकूर शून्य. आता 'काढून टाका' हा प्रश्न विचारा: नागपूरच्या मे महिन्यातून कूलर काढून टाकला तर? उत्तर मराठीत देऊ द्या. ती गच्चीवर झोपण्याबद्दल सांगेल, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारणाऱ्या आजीबद्दल सांगेल. मग इंग्रजी: 'नो कूलर. वुई स्लीप ऑन रूफ. ग्रँडमदर थ्रो वॉटर, फ्लोअर मेक स्मोक.' काळ चुकला, 'द' राहिलं, वाफेचा धूर झाला. पण इथे शिक्षिकेला शिकवायला काहीतरी आहे. 'स्टीम' हा शब्द त्या मुलीला आज हवा आहे, म्हणून तो लक्षात राहील.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, नवशिक्याला वाक्याचा साचा लागतोच. लागतो, माझा विरोध साच्याला नाही, क्रमाला आहे. इमारतीसाठी परांची बांधतात, परांचीसाठी इमारत नाही. दुसरा, शिक्षिकेला मराठी येत नाही. कल्पनांचं कच्चं टिपण तिने तपासायचंच नसतं. ते मुलीसाठी आहे, मराठीत असो वा चित्रांत. तिसरा, गटात ही मुलं गप्पच बसतात. बसणारच, कारण गटात भराभर इंग्रजी बोलणारा जिंकतो. १९५८ मध्ये येल विद्यापीठात झालेल्या प्रयोगात दिसलं, की चौघांनी एकत्र बसून सुचवण्यापेक्षा चौघांनी स्वतंत्रपणे सुचवलेलं एकत्र केलं तर जास्त कल्पना निघतात. म्हणून आधी एकट्याने, आपल्या भाषेत; मग सगळ्यांसमोर.

आता आपल्याबद्दल. शाळेत नाव घालताना 'घरी कोणती भाषा बोलता?' असा प्रश्न असतो. ईएसएलचा शिक्का नको म्हणून तिथे 'इंग्रजी' लिहिणारी मराठी घरं कमी नाहीत. पुढे 'मुलीचं इंग्रजी सुधारायला हवं' म्हणत घरातली मराठीही आवरती घेतली जाते. म्हणजे ज्या भाषेत तिला विचार करता येतो ती बंद, आणि जिच्यात अजून येत नाही तिच्यात निबंध.

खरं तर हे तंत्र आपल्याला परकं नाही. 'सूर्य उगवला नाही तर', 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त', 'मी मुख्याध्यापक झालो तर' हे विषय म्हणजे स्कॅम्परचीच भावंडं. आपण त्यांचं काय केलं? गाइड विकत घेतली आणि सूर्य उगवला नाही तर काय होईल तेही पाठ केलं. टोप्यांचे छापील तक्ते वाटून मोकळं झालं तर इथेही तेच होईल.

म्हणून मागणी दोन्हीकडे आहे. शाळेकडे अशी, की लेखनाच्या प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं मुलांना कोणत्याही भाषेत विचार करू द्या आणि त्यांना गुण देऊ नका. पुढच्या पालकसभेत मुलगी कोणत्या पातळीवर आहे हे विचाराच. पण या महिन्यात तिने स्वतःच्या डोक्यातलं काय लिहिलं, तेही दाखवायला सांगा. आणि आपल्या रविवारच्या मराठी शाळांनी बाराखडीनंतर अर्धा तास राखावा. सोमवारच्या इंग्रजी निबंधाचा विषय तिथे मराठीत उलटासुलटा करून पाहावा. खर्च काही नाही. मुलांना बोलू द्यायचं, आणि ती बोलत असताना चुका काढायच्या नाहीत.