ओटीपोटातली कळ आणि अंडाशयाचा पीळ

मानपाड्याच्या एका बहिणीने लिहिले आहे: "मुलगी एकोणीस वर्षांची. रात्री अचानक उजव्या ओटीपोटात कळ आली, दोनदा उलटी झाली. पाळीचे असेल म्हणून ओवा दिला, शेकले. सकाळी डॉक्टर म्हणाले, अंडाशयाच्या गाठीला पीळ बसलाय, ताबडतोब ऑपरेशन. अंडाशय वाचले, अल्हमदुलिल्लाह. पण आम्ही आधीच निघायला हवे होते का?"

हो, रात्रीच निघायला हवे होते. पण ओवा देणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. बहुतेक घरांत हेच होते.

अंडाशयात पाण्याची गाठ होणे ही घाबरण्याची गोष्ट नाही. पाळीच्या चक्रात होणाऱ्या लहान गाठी बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतात. काही गाठी मात्र वाढतात. डरमॉइड नावाच्या गाठीत तर केस, चरबी, कधी दातही निघतात. ते पाहून कुणी करणीबिरणी म्हणू लागले तर ऐकू नका. ही गाठ बीजपेशींपासून बनते आणि या पेशींत तसे अवयव घडवण्याची क्षमता असतेच.

अंडाशय दोन्ही बाजूंना बंधांनी टांगलेले असते आणि त्याच्या रक्तवाहिन्या त्या बंधांतूनच जातात. गाठ पाच सेंटिमीटरच्या, म्हणजे लिंबाच्या, पुढे गेली की वजनाने अंडाशय स्वतःभोवती फिरू शकते. आधी रक्त बाहेर पडायचे थांबते, अंडाशय सुजते. मग आत येणारे रक्तही अडते. हे उजवीकडे जास्त घडते, म्हणून अपेंडिक्सचा संशय येतो. कळ मध्येच ओसरते, कारण पीळ थोडा सैल होतो. तेवढ्यावर "बरी झाली" असे समजून लोक झोपतात. खरा घात इथेच होतो.

सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला तरी पीळ नाही असे ठरत नाही. शंका राहिली तर डॉक्टर दुर्बिणीने आत पाहतात. वेळेत पीळ सोडवला तर काळेनिळे दिसणारे अंडाशयही पुष्कळदा सावरते. उशीर झाला तर काढावे लागते.

गाठ फुटून पोटात रक्त साचले तर चक्कर, घाम, फिकटपणा, कधी खांद्यात दुखणे अशी लक्षणे दिसतात. तिथेही थांबायचे नाही. लग्न झालेल्या बाईची गर्भचाचणी आधी होते, कारण नळीतला गर्भ फुटला तरी असेच दुखते.

आता आपल्या घरांतल्या अडचणी. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरून करता येते. लग्नाच्या वेळी अडचण होईल या भीतीने तपासणी टाळू नका. रात्री लेडी डॉक्टर नसेल तर पुरुष डॉक्टरांना दाखवा, आई जवळ उभी राहू शकते. रमजानात मुलगी रोजाने असेल तर आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा सूरह बकरामध्येच आहे. पण रोजा सोडवला म्हणून लगेच खजूर-शरबत भरवू नका. भूल द्यायची झाली तर पोट रिकामे हवे. ओव्याचे पाणीही नको.

आणि 108 ला फोन कराल तेव्हा घोडबंदर रोडचा मानपाडा की डोंबिवली पूर्वेचा, हे पहिल्याच वाक्यात सांगा. जुनी सोनोग्राफीची फाइल हाती असू द्या.