या वयात आता काय शिकायचं?

“आता या वयात काय शिकायचं? आमचे दिवस गेले.” घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य आपण ऐकतो आणि मान डोलावून पुढे जातो. वेळेवर औषध, मऊ भात, नमाजसाठी खुर्ची दिली की कर्तव्य संपले, असे आपल्याला वाटते.

पवित्र कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आईवडिलांसमोर ‘उफ्’ही करू नये, अशी ताकीद आहे. तिथेच त्यांच्याशी सन्मानाने बोलण्याचा हुकूमही आहे. पहिली गोष्ट आपण लक्षात ठेवतो, दुसरी विसरतो. बँकेचा कागद आला की “अब्बा, इथे अंगठा लावा” एवढेच सांगतो. कागदात काय लिहिले आहे ते सांगत नाही. यात ‘उफ्’ नाही, पण सन्मानही नाही.

आमच्या घरातल्या दादींनी आयुष्यभर तोंडपाठ सूरांवर नमाज अदा केली. नातीने मकतबचा कायदा पुढ्यात ठेवला तेव्हा म्हणाल्या, “जीभ वळत नाही गं, चुकले तर गुनाह लागेल.” आम्ही त्यांना हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस ऐकवली: अडखळत, कष्टाने कुरआन पढणाऱ्याला दुहेरी अज्र आहे. दादी बराच वेळ गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी जुहरनंतर त्यांनी स्वतःच चष्मा मागितला. आता शेजारच्या तिघीजणीही येऊन बसतात.

शिकणे एकतर्फी मात्र नको. मुली त्यांना मोबाइलवरचे अक्षर मोठे करायला आणि ओटीपी कुणालाही न सांगायला शिकवतात. दादी मुलींना गोधडी शिवायला शिकवतात, खानदानातली जुनी नाती उलगडून सांगतात.

अशा बैठकीत एखाद्या दिवशी हक्कांचीही माहिती द्यावी. २००७ च्या कायद्यानुसार आईवडिलांना आणि साठी ओलांडलेल्या ज्येष्ठांना निर्वाहखर्च मागता येतो. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर, सांभाळ न झाल्यास, परत मिळवता येते. म्हणून घर मुलाच्या नावे करताना ही अट कागदावर जरूर लिहून घ्यावी. हा मुलावरचा अविश्वास नव्हे. व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण कुरआननेच दिली आहे.

भगिनींनो, या महिन्यात जुहर ते असरमधला एक तास आपल्या ओसरीवर राखून ठेवू या. चटई अंथरू, चष्मे पुसून ठेवू. अल्लाह आपल्या वडीलधाऱ्यांना आफियत देवो आणि आपल्याला त्यांच्याजवळ बसण्याची तौफिक देवो. आमीन.