मर्जी राष्ट्रपतींची, मर्यादा घटनेची

अमेरिकेत मे २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या प्रमुख कार्ला हेडन यांना आणि पाठोपाठ तेथील कॉपीराइट कार्यालयाच्या प्रमुख शिरा पर्लमटर यांना पदावरून दूर केले. विधिमंडळाच्या संस्थेतील अधिकाऱ्याला शासनप्रमुख दूर करू शकतो काय, हा वाद न्यायालयात गेला आणि सप्टेंबरमध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने पर्लमटर यांना अंतरिम दिलासा दिला.

मराठवाड्याला हा प्रश्न परका वाटू नये. नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर या दोघांनीही देशाचे गृहमंत्रिपद भूषविले. चव्हाणांच्या कारकिर्दीत डिसेंबर १९९२मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व हिमाचल प्रदेशातील भाजप सरकारे राष्ट्रपती राजवटीने दूर झाली. बोम्मई खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई ग्राह्य धरली; मात्र हा अधिकार न्यायालयीन तपासणीच्या कक्षेत आणला.

चाकूरकरांची कारकीर्द अधिक बोलकी आहे. १९९१ ते १९९६ ते लोकसभेचे सभापती होते. कलम ९४ अन्वये सभापतींना केवळ सभागृहच ठरावाने दूर करू शकते. तेथे राष्ट्रपतींची मर्जी चालत नाही. राज्यपालांचे तसे नाही. कलम १६८ प्रमाणे राज्यपाल विधिमंडळाचे अंग आहेत; पण कलम १५६ प्रमाणे राष्ट्रपतींची मर्जी असेतोवरच ते पदावर राहतात. चाकूरकर गृहमंत्री असताना जुलै २००४मध्ये विष्णुकांत शास्त्री, कैलाशपती मिश्र, बाबू परमानंद आणि केदारनाथ साहनी या चार राज्यपालांना मुदतीपूर्वी हटविण्यात आले. पुढे २०१०मध्ये तेच पंजाबचे राज्यपाल झाले आणि त्याच मर्जीच्या अधीन आले!

त्या कारवाईविरुद्ध माजी खासदार बी. पी. सिंघल यांनी याचिका केली. ७ मे २०१० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निःसंदिग्ध निर्वाळा दिला. राज्यपाल केंद्राचे नोकर नव्हेत. कारणे सांगण्याचे बंधन केंद्रावर नसले, तरी सबळ कारण असलेच पाहिजे आणि केंद्राच्या विचारसरणीशी न जुळणे हे ते कारण होऊ शकत नाही. कारवाई मनमानी असल्याचे सकृद्दर्शनी दिसल्यास न्यायालय केंद्राकडून आधार मागवू शकते.

न्याय मिळाला, पण उशिरा. निकाल लागला तेव्हा चौघांचाही कार्यकाळ उलटून गेला होता. मिश्र यांच्यासारख्यांनी आयुष्य संघटनेला वाहिले. त्यांच्या वाट्याला निकालाने केवळ तात्त्विक समाधान आले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. २०१४मध्ये केंद्रात सत्तांतर झाल्यावरही अनेक राज्यपालांना पायउतार व्हावे लागले आणि उत्तराखंडचे अझीझ कुरेशी सर्वोच्च न्यायालयात गेले. २००४ साली जे अयोग्य होते, ते सत्ता आपल्या विचाराची आली म्हणून योग्य ठरत नाही. विरोधात असताना तत्त्व आठवणे सोपे असते. त्याची खरी कसोटी आपली माणसे सत्तेत असतानाच लागते. संसदेने राज्यपालांना मुदतीची शाश्वती आणि पदमुक्तीची निश्चित रीत द्यावी, हा आग्रह म्हणूनच आज धरला पाहिजे.