कॉन्व्हेंटचा टाय आणला, पेटी कुठं ठेवली?

मित्रहो, पोस्ट थोडी लांब आहे. वाचा आणि मग शिव्या द्या.

२६ जानेवारीला आपल्या सिहोरा भागातल्या एका शाळेत बातमीसाठी गेलो होतो. नाव लिहीत नाही, लिहिलं तर बाकीच्या शाळा सुटतील. झेंडा वर गेला, सरांनी मोबाईलवर बोट ठेवलं आणि स्पीकरमधून राष्ट्रगीत, मग राज्यगीत सुरू झालं. पोरं ओठ हलवत उभी. मधेच सरांना कोणाचा तरी फोन आला, राज्यगीत बंद पडलं. पोरंही बंद पडली! एकानंही पुढची ओळ उचलली नाही.

आपल्या विदर्भात इंग्रजी शाळेला सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणतात. मालक पाटील असो की अग्रवाल, बोर्डावर कॉन्व्हेंट. सिस्टर नाही, चॅपल नाही, पियानो तर सोडूनच द्या. ज्यांच्यावरून हे नाव उचललं त्यांच्याकडून आपण टाय, बूट आणि फी घेतली. घ्यायची गोष्ट तिथंच राहिली.

ती गोष्ट काय होती? गोव्याकडं पाहा. पोर्तुगीज काळात तिथं चर्चला जोडून शाळा असायच्या. पोरांना धर्मशिक्षणासोबत सोल्फा शिकवत, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गायचं. मग व्हायोलिन. शिकवणाऱ्याला मेस्त म्हणत. आणि शिकलेलं वहीत राहत नसे. रविवारी, फेस्ताला चर्चमध्ये तीच पोरं गायची. चुकलं तर अख्ख्या गावासमोर चुकायचं. सातवी-आठवीच्या वयातल्या पोरावर गावाच्या उपासनेची जबाबदारी! आपण त्या वयाच्या पोराला शाळेच्या माईकला हात लावू देत नाही.

याचं फळ तुम्ही-आम्ही आजही कानानं खातो. मुंबईच्या सिनेमाला वाद्यवृंद हवा झाला तेव्हा नोटेशन वाचणारी, लिहिणारी माणसं मोठ्या संख्येनं गोव्यातून आली. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागचे अरेंजर सॅबेस्टियन डिसोझा त्यातलेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या कॉयरमास्टरचे चिरंजीव, जन्म १९२७. प्यारेलाल त्यांच्याकडं व्हायोलिन शिकले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधलं ते नाव गुरूला केलेला नमस्कार आहे. लग्नाच्या वरातीत त्या गाण्यावर नाचताना हे कोणाला माहीत असतं? १९५८ मध्ये गोन्साल्विसांनी भारतीय वादकांचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. अखेरची वर्षं ते परत माजोर्ड्यालाच राहिले, २०१२ मध्ये गेले.

आता कमेंटमध्ये येणार ते मीच लिहून टाकतो. 'भाऊ, त्या शाळा धर्मासाठी होत्या.' होत्याच. ज्या सत्तेखाली त्या चालल्या तिनंच १६८४ मध्ये कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायचा हुकूम काढला होता, तेही विसरायचं नाही. पण पोर रोज गायलं, वाद्य हाताळलं आणि त्याच्यावर काम सोपवलं तर ते पुढं देवळात, चर्चमध्ये, बँडमध्ये कुठंही उभं राहतं. ही रीत कोणत्याही एका धर्माच्या मालकीची नाही.

पुरावा आपल्याच रेल्वेलाइनवर आहे. रेव्हरंड टिळक, म्हणजे कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती धर्माकडं वळले त्याची सुरुवात नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत मिळालेल्या बायबलपासून झाली. तीच लाइन तुमसर रोडवरून जाते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसानं मराठी चर्चमध्ये अभंग, भजन, कीर्तन नेलं. चर्चनं आपल्याकडून घेतलं, तिथं कोणाला लाज वाटली नाही. मग त्यांच्याकडून घेताना आपल्याला का वाटावी?

आणि दूर तरी कशाला जाता? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली, खंजिरी हातात घेऊन. आमच्या गल्लीतले म्हातारे बुवा आजही भजनात पेटी धरतात. 'कुठं शिकले बाप्पा?' विचारलं तर म्हणाले, 'प्रार्थनेत. गुरुजीनं पेटीवर बसवलं, म्हनले, वाजव.' एवढंच. कोर्स नाही, सर्टिफिकेट नाही. त्यांच्यानंतर पेटीवर कोण बसणार? मंडळात पन्नाशीच्या आतला एक माणूस नाही. दंडारीत, खडी गमतीत नवीन पोर दिसत नाही म्हणून आपण मोबाईलला शिव्या घालतो. अन् शाळेच्या प्रार्थनेत मोबाईल कोणी लावला?

पैसे नाहीत म्हणू नका. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, सहावी ते आठवीत शंभराच्या वर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक हवा. आपल्या शाळा व्यवस्थापन समितीत तुम्ही पालकच बसता. पोषण आहाराच्या तांदळावर तासभर भांडता, चांगलं करता. त्याच बैठकीत दोन प्रश्न विचारा: निदेशक कुठं आहे, आणि पेटीची चावी कोणाकडं आहे?

दुसऱ्याचं उत्तर त्या शाळेपुरतं मला मिळालं. चावी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात होती. कपाट उघडलं तर पेटीचा भाता उंदरांनी खाल्लेला. खर्च मी विचारून येतो, अर्धे पैसे माझे. बाकीच्या अर्ध्यांसाठी आणि सोमवारपासून प्रार्थनेला पेटीवर बसायला तयार असलेल्या एका पोराच्या नावासाठी कमेंट उघडी आहे.