ट्यूमर मार्कर : पॅकेजमधला आणि कामाचा

हेल्थ चेकअपची पॅकेजेस तुम्ही पाहिली असतीलच. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम वगैरे. त्यातल्या महागड्या पॅकेजात बायकांसाठी बऱ्याचदा एक ओळ असते, 'ट्यूमर मार्कर : सीए १५-३'. थोडं रक्त द्या आणि स्तनाच्या कॅन्सरची काळजी मिटवा, असा एकूण सूर. माझं स्पष्ट मत आहे की निरोगी बाईने या ओळीसाठी एक रुपयाही जास्त मोजू नये.

का ते सांगतो. सीए १५-३ हे रक्तात मोजता येणारं प्रथिन. कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असताना ते बहुतेक वेळा नॉर्मलच येतं. म्हणजे जेव्हा कळायला हवं, नेमकी तेव्हाच टेस्ट गप्प! उलट लिव्हरच्या काही आजारांत, स्तनातल्या साध्या गाठींतही ते वाढू शकतं. आजारी बाई निर्धास्त आणि धडधाकट बाई हवालदिल. असं मॉनिटरिंग आपण सर्व्हरवर तरी चालवून घेऊ का? हां, पसरलेल्या कॅन्सरवर उपचार लागू पडतायत का, हे बघायला स्कॅनच्या जोडीने डॉक्टर ही टेस्ट वापरतात. तिथे तिला अर्थ आहे.

आता खरा कामाचा मार्कर बघा : एचईआर२, म्हणजे 'हर-टू'. सतराव्या क्रोमोसोमवरचा हा जीन. निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. काही कॅन्सरमध्ये त्या खूप वाढतात, पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्या प्रथिनाची गर्दी होते आणि 'वाढत राहा' हा निरोप थांबतच नाही. इन्फिनिट लूपच म्हणा ना! अशा पेशंटचा कॅन्सर लवकर उलटतो, हे डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं. पुढे याच प्रथिनावर नेम धरणारं ट्रास्टुझुमॅब आलं, १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि चित्रच पालटलं. भारतात बायोकॉनने २०१४ मध्ये त्याचं बायोसिमिलर आणलं.

स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण १५ ते २० टक्के हर-टू पॉझिटिव्ह असतात. पण हे रक्तातून नाही, बायोप्सीच्या तुकड्यावरून ठरतं. रिपोर्टमध्ये ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे काठावर, तिथे 'फिश' नावाची पुढची टेस्ट करून जीनच्या प्रती मोजाव्या लागतात. ती महाग पडते म्हणून टाळली, तर पेशंट नेमक्या औषधाला मुकू शकते.

तेव्हा मंडळी, खर्च करायचाच तर योग्य जागी करा. गाठ लागली, स्तनाचा आकार किंवा त्वचा बदलली, तर चेकअपची वाट न बघता डॉक्टर गाठा. मॅमोग्राफी कधीपासून करायची, तेही त्यांनाच विचारा. आणि घरात दुर्दैवाने निदान झालंच, तर हर-टूचा रिपोर्ट मागून घ्या. २+ असेल तर फिशचं काय, हे विचारल्याशिवाय केबिनमधून उठू नका.