तेलाच्या आधीची वही

आखाती अरब देशांचा विषय निघाला की आपल्या बाजारपेठेत एक वाक्य हमखास ऐकू येते, "त्यांचे काय, जमिनीतून तेल निघाले आणि रातोरात शेख झाले!" मुलगा कुवेतला, जावई दुबईला, अशी घरे आपल्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत आहेत. तरीही अरब व्यापाऱ्याचा मागचा इतिहास आपल्याला ठाऊक नसावा, याचे नवल वाटते. तेल सापडले ते बहरैनमध्ये १९३२ साली, कुवेत व सौदी अरबस्तानात १९३८ साली, अबूधाबीत १९५८ साली आणि दुबईत तर थेट १९६६ साली. त्याआधी ही बंदरे काय हवेवर जगत होती? ती जगत होती मोत्यावर, आणि त्या मोत्याची मोठी पेठ होती आपली मुंबई.

दर उन्हाळ्यात सुमारे चार महिने बहरैन, कुवेत, कतार, दुबई येथील गलबते मोत्यांच्या शिंपल्यांसाठी समुद्रात जात. गलबताचा प्रमुख तो नाखुदा. आपल्या कोकणातला 'नाखवा' शब्दही त्याच घराण्यातला, हे वेगळे सांगायला नको. गोताखोर नाकाला चिमटा लावून, पायाशी दगड बांधून तळाशी जाई आणि वर बसलेला सोबती त्याला दोरीने ओढून घेई. पहाटेपासून मावळतीपर्यंत हेच काम. खायला खजूर, भात आणि मासळी. मोती किनाऱ्यावर आले की तव्वाश, म्हणजे मोत्यांचे व्यापारी, ते विकत घेत आणि मुंबईच्या मोतीबाजारात आणत. तेथून माल पॅरिस, लंडनला जाई. जेद्दाहमध्ये १९०५ साली अल-फलाह मदरसा काढणारे मुहम्मद अली जैनल अलीरझा हे याच धंद्यातले, आणि त्यांची पेढी मुंबईत होती. म्हणजे अरबांच्या मुलांचे शिक्षण ज्या पैशातून झाले, त्यातला काही पैसा आपल्याच बाजारात मोजला गेला होता.

पण या धंद्याची खरी गोष्ट मोत्यात नाही, वहीत आहे. मोसमाआधी गोताखोराला घरखर्चासाठी उचल लागे. ती नाखुदा देई. नाखुदाला व्यापारी देई. मोसमाअखेर हिशेब होई तेव्हा वाटा उचलीपेक्षा कमी भरे आणि बाकी पुढच्या वर्षावर जाई. बाकी असेपर्यंत गोताखोराला दुसऱ्या नाखुदाकडे जाता येत नसे. बाप मेला तर ती बाकी मुलाच्या माथी येई. व्याज हराम, म्हणून त्याचे नाव कोणी काढत नसे. पण कर्जदाराकडून मोती बाजारभावापेक्षा कमी दराने घ्यायचे आणि तांदूळ चढ्या दराने द्यायचा, या वाटेने ते वसूल होतच असे. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, हा सूरा बकरामधील हुकूम सर्वांना माहीत होता. लिहिणारा मात्र नाखुदा, आणि ज्याच्या नावे लिहिले त्याला वाचता येत नव्हते!

१९२० च्या दशकात बहरैनमध्ये इंग्रजांच्या दबावाने सुधारणा झाल्या. प्रत्येक गोताखोराला त्याच्या हिशेबाची स्वतःची वही द्यावी, उचलीला मर्यादा असावी, असे नियम आले. नाखुदांनी आणि सावकारांनी कडाडून विरोध केला, हे समजण्यासारखे आहे. पण १९३२ साली खुद्द गोताखोरच दंग्याला उठले, कारण मंदीत उचल कमी मिळू लागली होती. सुधारणेविरुद्ध गरीबच उठला, असे म्हणून काही जण या घटनेचा दाखला देतात. मला तसे वाटत नाही. उचल कमी केली, पण घरात पोट भरण्याची दुसरी सोय केली नाही, तर माणूस दुसरे काय करणार?

तोवर धंदाच बसला होता. जपानच्या मिकिमोतोने शिंपल्यात मोती पिकवण्याची कला साधली आणि १९२० च्या दशकात असे गोल मोती जगाच्या बाजारात आले. त्यात १९२९ ची मंदी. घसरण किती झाली याचा एक नमुना पाहा. न्यूयॉर्कमध्ये १९१७ साली कार्तिए या जवाहिऱ्याने दहा लाख डॉलर किमतीचा दोन पदरी नैसर्गिक मोत्यांचा हार देऊन त्याच्या बदल्यात फिफ्थ अव्हेन्यूवरची हवेली घेतली. तोच हार १९५७ साली लिलावात दीड लाखाच्या आसपास गेला. हवेलीत मात्र आजही दुकान आहे. एकच माल, एकच पेठ आणि सगळा धंदा उधारीवर, अशी स्थिती असली की जपानचे निमित्त पुरते.

यातून वेगळा मार्ग काढला दुबईने, आणि तो तेलाच्या आधी. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणने लिंगेह बंदरात जकात कडक केली, तेव्हा दुबईच्या शेखांनी जकात उठवून तेथील व्यापाऱ्यांना बोलावून घेतले. पुढे खाडी गाळाने भरू लागली. शेख राशिद यांनी कुवेतचे कर्ज आणि व्यापाऱ्यांना विकलेले रोखे यांवर पैसा उभारून १९६१ पर्यंत ती उपसून घेतली. शेजारच्या शारजाहची खाडी गाळात गेली आणि तिथला व्यापार दुबईकडे वळला. पाच वर्षांनी तेल सापडले, तेव्हा गोदी, गोदामे आणि गिऱ्हाईक आधीच तयार होते.

आपलाही या इतिहासात एक धागा आहे, आणि तो आपल्याच हातून तुटला. कुवेतपासून मस्कतपर्यंत भारतीय रुपया चालत असे. आखातात रुपये देऊन सोने घ्यायचे, ते चोरून भारतात आणायचे, आणि तिकडे साचलेले रुपये रिझर्व्ह बँकेकडून पौंडात बदलून घ्यायचे, असा खेळ वाढला. म्हणून १९५९ साली आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा निघाल्या. कुवेतने १९६१ साली दिनार आणला, बहरैनने १९६५ साली. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ वरून ७.५० वर गेला, तेव्हा कतार आणि दुबईनेही रुपया सोडला. बाजारात पत एकदा गेली की गिऱ्हाईक थांबत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण घरचेच आहे. यंत्रमाग असो, जरीकाम असो की बेकरी, आपल्या बांधवांच्या धंद्यात उचलीची वही आजही चालते. मालक आपला, कारागीरही आपलाच, आणि वही एकाच्याच हातात. शेठ लोकांना माझा आग्रह एवढाच की कारागिराला त्याच्या खात्याची दुसरी प्रत द्यावी आणि दर महिन्याला त्याच्यासमोर, वाचून दाखवून, आकडा टाकावा. पैसा लागत नाही, परवाना लागत नाही. उचल एकदम बंद करा असे मी म्हणणार नाही. १९३२ च्या बहरैनमध्ये काय झाले ते वर आलेच आहे. मंदीच्या महिन्यांसाठी मालक व कारागीर दोघांनी थोडे थोडे टाकून वेगळी गल्ला-पेटी ठेवता येईल का, याचा विचार प्रत्येक गावच्या मालक संघटनेने येत्या ईदपूर्वी, हिशेब चुकते करण्याच्या वेळीच, करायला हरकत नाही.