राजीनामा आणि आम्लपित्त

पोटात जळजळ, छातीत धडधड, रात्री दोनला जाग आणि मग डोळ्याला डोळा नाही. गेल्या हिवाळ्यात औसा तालुक्यातील एक शिक्षिका या तक्रारी घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, ईसीजी सारे तपासले, सारे ठीक. आम्लपित्ताच्या गोळ्या चार महिन्यांपासून चालू होत्या, आणि कुणीतरी मेडिकलवरून आणून दिलेली अल्प्राझोलामची गोळी रोज रात्री. चिठ्ठी लिहून झाली तरी बाई उठेनात. मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, नोकरी सोडावी का?"

बाईंची जिल्हा परिषदेच्या शाळेत बारा वर्षे सेवा झालेली. पती चाकणला कारखान्यात. मुलगी दुसरीत, आईजवळ. महिन्यातून एखाद्या रविवारी पती ट्रॅव्हल्सने येतात आणि रात्रीच परत फिरतात. सासरचे म्हणतात, "दोन चुली किती दिवस? दे राजीनामा." माहेरचे म्हणतात, "सरकारी नोकरी पुन्हा मिळते का?" दोघांचेही खरे आहे, म्हणून तर झोप उडाली.

हा प्रश्न डॉक्टरला विचारायचा नव्हे, असे तुम्ही म्हणाल. पूर्वी मीही तसेच समजून गोळ्या लिहून देत असे. पण लातूर-नांदेडकडची बरीच तरुण मंडळी पोटासाठी पुण्याला गेली आहेत. मागे राहिलेल्यांचे आम्लपित्त आमच्याकडे येते.

१९६७ साली होम्स आणि राहे या दोन अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातील ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, घर बदलणे २०. वर्षभराची बेरीज दीडशेपुढे गेली की आजारपणाची शक्यता वाढते, तीनशेपुढे बरीच वाढते, असा त्यांचा आडाखा. हा काही सोनाराचा काटा नव्हे, पण अंदाजाला बरा. त्या यादीत 'पत्नीने नोकरी धरणे वा सोडणे' असे एक कलम आहे, गुण २६. म्हणजे हिशेब नवऱ्याच्या बाजूने मांडलेला! जी प्रत्यक्ष सोडते तिला त्यातल्या त्यात जवळचे कलम निवृत्तीचे, गुण ४५. त्यात पैशाची स्थिती बदलणे ३८, सासरच्यांशी कुरबुर २९, राहणीमान २५, नवे घर २०, उठण्याबसण्याची माणसे बदलणे १८ मिळवा. १७५ होतात. नवऱ्याचे २६ आणि पैशाचे ३८, एकूण ६४. राजीनामा एकच, पण तो कुणाच्या अंगावर किती पडतो ते पाहा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नांदेडला एम.बी.बी.एस. करून १९९७ साली मी किनवटच्या बाजूला एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून लागलो. सौ. लातूरला अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होती. एसटीने नांदेडला यायचे, तिथून लोहा-अहमदपूरमार्गे लातूर. सुटीचा सारा दिवस रस्त्यात जायचा. तिची बदली होण्यासारखी नव्हती, माझी होती. अर्जावर अर्ज केले. दोन वर्षे फाईल हलली नाही. २००१ मध्ये राजीनामा दिला. वडील महिनाभर बोलले नाहीत. भाड्याच्या घरात राहत असूनही गल्लीने 'घरजावई' ठरवले. राजीनामा दिला की निवृत्तिवेतनासाठीची मागील सेवा जप्त होते हे कुणी सांगितले नाही, मीही विचारले नाही. माझ्या बरोबरीचे मित्र आता निवृत्तिवेतनाची गणिते मांडतात तेव्हा मी चहा सांगायला उठतो.

पहिली दोन वर्षे दवाखान्यात दिवसाला आठ-दहा पेशंट. माझा रक्तदाब त्याच काळात वाढला आणि सौ.ला टोमणे मारायची सवयही तेव्हाच लागली. "तुझ्यासाठी सोडली" हे वाक्य किती वेळा बोललो असेन! आज शरम वाटते. सोडण्याचा निर्णय चुकला असे मला वाटत नाही. पण "सोडू का?" असे मी तिला नीट बसून कधी विचारलेच नव्हते. तिने न मागितलेल्या गोष्टीचे हप्ते मी तिच्याकडून वसूल करत होतो. (बायकोपायी नोकरीची गावे बदलणारा मी पहिला नव्हे. टपाल खात्यातील गोपाळराव जोशी आनंदीबाईंच्या शिक्षणाच्या ध्यासाने अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असे फिरले. त्यांचा जाचही आनंदीबाईंनी सोसला.)

तेव्हा बाईंना म्हणालो, राजीनामा हा सगळ्यात शेवटचा कागद. त्याआधी आंतरजिल्हा बदलीचा अर्ज आहे. जागा निघेपर्यंत थांबावे लागते, नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता खालून सुरू होते, पण नोकरी राहते. बिनपगारी असाधारण रजा आहे. पंचायत समितीत नीट चौकशी करा. आणि झोप सुधारल्याशिवाय काहीच ठरवू नका. अल्प्राझोलामची काही आठवड्यांतच सवय लागते. मनाने एकदम बंद केली तर त्रास वाढतो. ती मी हळूहळू कमी करत नेली. बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा सरकारी 'टेलि-मानस'चा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येते.

नोकरीला चिकटूनच बसा, असे माझे म्हणणे नाही. रविवारी आलेल्या बापापुढे लेकरू पाहुण्यासारखे लाजते, हे मी दवाखान्यात पाहतो. दुरावाही आजारच आणतो. मात्र संशय घेणारा, हात उचलणारा नवरा "सोड नोकरी" म्हणत असेल तर मी सरळ सांगतो, सोडू नका. स्वतःच्या खात्यावर येणारा पगार तिथे कुठल्याही औषधापेक्षा मोलाचा आहे.

या बाईंचे पती तसे नव्हते. एका शनिवारी दोघे आले तेव्हा मी त्यांना विचारले, "तुम्हीच इकडे आलात तर?" ते हसले. मग बराच वेळ गप्प बसले. त्यांना तो प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. आईने नाही, मेहुण्याने नाही, बाईंनीही नाही. मे महिन्याची सुटी तिघांनी चाकणच्या खोलीत काढून पाहायची, एवढेच त्या दिवशी ठरले.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पुन्हा आले. मुलगी बापाच्या गळ्यात हात टाकून बसली होती. बाई म्हणाल्या, "खोलीत दिवस जात नाही हो, शेजारी कुणाचं नावही कळलं नाही. पण रात्री झोप लागत होती." बदलीचा अर्ज करायचे ठरले आहे. पती लातूरच्या एमआयडीसीत पगार विचारून आले. तिकडच्या निम्माच मिळेल म्हणाले, पण विचारून आले. झोपेची गोळी पावावर आली आहे. राजीनाम्याचा कागद बाईंच्या पर्समध्ये अजून तसाच आहे.